मूल एका जागी बसत नाही: एडीएचडी, आजार आणि आहार यांबद्दल पालकांचे नेहमीचे प्रश्न

शाळेच्या डायरीत तिसऱ्यांदा 'वर्गात लक्ष नाही' असा शेरा आला की पालक मुलाला घेऊन येतात. खुर्चीत बसता बसता पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, याला खायला काय देऊ? आणि काय बंद करू?" मी उलट विचारतो, "रात्री झोपतो कसा? घोरतो का?" पालकांना वाटतं, डॉक्टरांनी विषय बदलला. तसं नाही, विषय तोच आहे. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय? आमचा मुलगा नुसता खोडकर असेल तर?

मेंदूची वाढ होताना लक्ष टिकवणं, हात-पाय आवरणं आणि मनात आलेलं क्षणभर थोपवून धरणं ही कामं काही मुलांत वयाच्या मानाने मागे राहतात. त्याला एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणतात. जगभरात साधारण पाच टक्के मुलांमध्ये तो आढळतो. निदानासाठी डॉक्टर दोन याद्या वापरतात. एक लक्ष न लागण्याची, दुसरी अतिचंचलपणाची, आणि दोन्हींत नऊ-नऊ लक्षणं. त्यातल्या एका यादीतली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. फक्त गणिताच्या तासाला धिंगाणा घालणाऱ्या मुलाची अडचण बहुधा गणिताची किंवा गणिताच्या बाईंची असते. उलट काही मुलं, विशेषतः मुली, कुठेच दंगा करत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसतात, डबा विसरतात, कंपास हरवतात. त्यांच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं.

हा आमच्या लाडामुळे झाला का? की खाण्यामुळे?

दोन्हींमुळे नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की मुलामुलांतल्या या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो. "मीही लहानपणी असाच होतो, मास्तर रोज बाकावर उभं करायचे," असं बाबा हसत सांगतात, तेव्हा निम्मं उत्तर त्यांनीच दिलेलं असतं. खूप आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांमध्ये धोका जास्त असतो. गरोदरपणात आईने केलेल्या धूम्रपानाशीही संबंध दिसतो, पण त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि धुराचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

सासूबाई बरोबर आल्या असतील तर हा परिच्छेद मी दोनदा सांगतो.

मग रक्त तपासून किंवा एमआरआय काढून निदान होईल का?

नाही. एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) किंवा स्कॅन आज तरी नाही. निदान होतं ते पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून आणि मुलाला पाहून. तपासण्या करायच्या त्या दुसऱ्या कारणासाठी: एडीएचडीसारखं दिसणारं किंवा असलेला एडीएचडी वाढवणारं दुसरं काही आहे का, हे बघायला. पुढच्या बऱ्याच प्रश्नांचा रोख तिकडेच आहे, कारण बरी करता येण्यासारखी गोष्ट सापडायची तर ती इथेच सापडते.

झोपेचा आणि चंचलपणाचा काय संबंध?

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. लहान मूल पेंगत नाही, ते उलट वेड्यासारखं धावत सुटतं. रात्री अकरानंतर लग्नाच्या हॉलमध्ये पोरं कशी खांबाभोवती फिरत असतात, ते आठवा. हेच रोज रात्री थोडं थोडं होत असेल तर दिवसा दिसणारं चित्र एडीएचडीसारखंच असतं.

सर्वांत जास्त सुटणारं कारण म्हणजे नाकामागे वाढलेले ॲडेनॉइड्स आणि सुजलेले टॉन्सिल्स. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, मधे श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतं, उशी घामाने भिजते, मान मागे टाकून झोपतं, कधी मोठ्या वयात अंथरूण ओलं करतं. "घोरतो म्हणजे गाढ झोपतो" हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात काही मुलांचे टॉन्सिल्स-ॲडेनॉइड्स शस्त्रक्रियेने काढले आणि काहींच्या बाबतीत नुसती वाट पाहिली. सात महिन्यांनी लक्षाच्या कागदी चाचण्यांत फारसा फरक पडला नव्हता. पण पालक आणि शिक्षक दोघांनाही वागण्यात सुधारणा दिसली आणि झोपेची तपासणी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांत सामान्य झाली, न झालेल्यांत ४६ टक्के. म्हणजे ऑपरेशन करून एडीएचडी जात नाही, पण घोरणाऱ्या मुलाच्या घशात न बघता त्याला एडीएचडीचा शिक्का मारणंही बरोबर नाही.

एक सोपं काम: रात्री मूल झोपल्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. पंधरा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो मला जास्त सांगतो.

हाक मारली तर ऐकत नाही. लक्ष नाही की ऐकू येत नाही?

आधी कान तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. दुखत नाही, ताप येत नाही, फक्त ऐकू कमी येतं, तेही आज कमी, उद्या बरं. त्यामुळे घरच्यांना वाटतं, "हवं तेव्हा बरोबर ऐकतो!" डोळ्यांचंही तसंच. फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारच.

बोलता बोलता मधेच हरवतो, मग पुन्हा बोलायला लागतो. हे काय?

हे मात्र मनावर घ्या. साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत एक प्रकारची फिट येते. त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत. पाच-दहा सेकंद नजर थिजते, पापण्या किंचित फडफडतात आणि मूल जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. दिवसातून अशा कित्येक फिट्स येऊ शकतात. शिक्षकांच्या भाषेत त्याचं नाव 'तंद्री'.

स्वप्नाळू मुलाच्या खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. फिटमधलं मूल येत नाही. तपासताना मी मुलाला कागदी भिरभिरं देतो आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकर मारायला लावतो. फिट असेल तर अनेकदा तिथेच, आईच्या डोळ्यांसमोर येते. ईईजीत त्याचा ठरावीक नमुना दिसतो आणि औषधाने बहुतेक मुलांत ती आटोक्यात येते. फुंकरीची ही परीक्षा घरी करू नका.

हिमोग्लोबिन कमी असेल तर लक्षावर परिणाम होतो?

होतो, आणि आपल्याकडे आहाराबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के निघालं. म्हणजे गोबरे गाल असलेल्या पोरांच्या अंगातही लोह कमी असू शकतं.

लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या एका एन्झाइमला काम करायला लोह लागतं, आणि लक्ष टिकवण्याच्या कामात डोपामिन मध्यवर्ती आहे. २००४ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी एडीएचडी असलेली ५३ आणि नसलेली २७ मुलं तपासली. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन पहिल्या गटातल्या ८४ टक्के मुलांत ३० च्या खाली होतं, दुसऱ्या गटात १८ टक्के. पुढे २३ मुलांवरच्या एका छोट्या प्रयोगात कमी फेरिटिनवाल्या मुलांना बारा आठवडे लोह दिलं. एका मोजपट्टीवर सुधारणा दिसली, दुसऱ्यांवर स्पष्ट दिसली नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. म्हणून लोह हे एडीएचडीचं औषध नाही. कमी असेल तर भरून काढायचं, एवढंच आणि एवढं नक्की.

हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून दोन्ही तपासा. सर्दी-तापात मात्र फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, तेव्हा मूल बरं झाल्यावर रक्त द्या. रात्री पाय वळवळतात, "पायात मुंग्या फिरतात, दाबून दे" असं मूल म्हणत असेल तर आवर्जून सांगा. त्या त्रासात फेरिटिन ५० च्या खाली असलं तरी लोह देण्याचा विचार केला जातो, आणि तो त्रास झोप मोडतो.

आता स्वयंपाकघर. अळिवाचे लाडू, राजगिरा, बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, मोड आलेली मटकी, खात असाल तर मटण आणि कलेजी. वनस्पतींतलं लोह शरीरात कमी शिरतं, त्यावर लिंबू पिळलं किंवा जेवणात आवळा, पेरू असला की जास्त शिरतं. आणि चहा बंद. आपल्याकडे सकाळी 'चहा-चपाती' हा कित्येक मुलांचा नाश्ता आहे. चहा लोह शोषू देत नाही, त्यातलं कॅफिन झोप कमी करतं, आणि चहाने पोट भरलं की मूल दुसरं काही खात नाही. तिन्ही बाजूंनी तोटा. दूधही दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. बाटलीवर वाढणारं गुटगुटीत बाळ पुष्कळदा पांढरंफटक असतं.

लोहाचं औषध डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेतच द्यावं. शी काळी होते, घाबरू नका. बाटली आणि गोळ्या मात्र कुलपात ठेवा. मोठ्यांच्या लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाने खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

आम्ही शाकाहारी आहोत. बी-१२ चं काय?

विचारायला हवा असा प्रश्न. याचा एक अभ्यास घरचाच आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्याचं नाव जगभर घेऊन गेले. गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली. लक्ष एकवटण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्याच्या चाचण्यांत ती इतर मुलांपेक्षा मागे पडली. लक्षात घ्या, यात एडीएचडीचं निदान तपासलेलं नव्हतं, आणि आता मुलाला बी-१२ दिल्याने तो बरा होतो असंही यातून निघत नाही. पण दूध-दही बेताचं असलेल्या शाकाहारी घरातलं मूल मंद, चिडचिडं, विसराळू वाटत असेल तर ही तपासणी मी करतोच.

साखर बंद केली तर शांत होईल?

दात चांगले राहतील. शांत होणार नाही. १९९५ मध्ये २३ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्या प्रयोगांत साखर कुणाला आणि गोड लागणारं बिनसाखरेचं कुणाला, हे मुलांना वा पालकांना कळू दिलेलं नव्हतं. मुलांच्या वागण्यात आणि लक्षात फरक निघाला नाही.

मला जास्त आवडतो तो १९९४ चा एक प्रयोग. 'आमच्या मुलाला साखर चढते' असं म्हणणाऱ्या आया निवडल्या. सगळ्या मुलांना साखर नसलेलंच पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त दंगेखोर वाटला, आणि त्या स्वतःही त्याच्यावर जास्त टीका करत, जास्त जवळ घुटमळत राहिल्या. वाढदिवसाला केक खाऊन मुलं उधळतात हे खरं, पण तिथे फुगे, गाणी आणि वीस मित्रही असतात.

खाण्याच्या रंगांचं तसंच आहे का?

तसं नाही, इथे थोडं तथ्य आहे. कॅलिफोर्नियातले ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७० च्या दशकात कृत्रिम रंगांवर पहिलं बोट ठेवलं. त्यांचे दावे फार मोठे होते, ते तसे टिकले नाहीत. मग २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलांना कधी रंग व सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेलं, कधी साधं पेय दिलं. रंगीत पेयानंतर चंचलपणा थोडा वाढला. थोडाच, सगळ्यांत नाही, आणि एडीएचडी नसलेल्या मुलांतही. युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या लक्षावर व हालचालीवर वाईट परिणाम होऊ शकतो' अशी सूचना छापावी लागते. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे आपल्याकडेही परवानगी असलेले रंग आहेत. पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा.

पाकिटावर निदान आकडा तरी असतो. गाडीवरच्या पदार्थाला तोही नाही. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये रोडामाइन-बी सापडल्यावर रंगीत 'बुढ्ढी के बाल' आणि कृत्रिम रंगाच्या गोबी मंच्युरियनवर बंदी घातली. हा रंग कापडासाठी असतो, खाण्यासाठी नाहीच. शाळेबाहेरचा लालभडक बर्फाचा गोळा, बोटांत घालायच्या पिवळ्या नळ्या, जेलीचे कप हे चार-सहा आठवडे बंद करून बघायला काहीच हरकत नाही. त्यात मूल कुठल्याही पोषणाला मुकत नाही.

ओमेगा-३ च्या गोळ्या द्यायच्या का?

फायदा असलाच तर लहान आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना एडीएचडीसाठी या गोळ्या देऊ नका असंच सांगतात. महिन्याला हजार-बाराशे घालवण्यापेक्षा तारली किंवा बांगडा आणा. आठवड्यातून दोनदा खाल्ला तर ओमेगा-३ सोबत प्रथिनंही मिळतात. जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातल्या ओमेगा-३ चं मेंदूला लागणाऱ्या प्रकारात रूपांतर फार कमी होतं.

गहू आणि दूध बंद करायला सांगितलंय. ॲलर्जीची महागडी चाचणीही लिहून दिलीय.

ती आयजीजी चाचणी, म्हणजे रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी, असेल तर पैसे वाचवा. नेदरलँड्समध्ये चार ते आठ वर्षांच्या १०० मुलांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयावर सगळीकडे दाखवला जातो. भात, मांस, भाज्या, नासपती, पाणी अशा मोजक्या पदार्थांवर ठेवलेल्या मुलांपैकी ६४ टक्क्यांत सुधारणा दिसली. ऐकायला जबरदस्त. पण पालकांना माहीत होतं की मूल पथ्यावर आहे, आणि साखरेच्या प्रयोगातल्या आया तुम्ही आत्ताच वाचल्यात. त्याच अभ्यासात आयजीजीवरून कुठला पदार्थ बाधतो हे ओळखता आलं नाही.

एखादा पदार्थ खाल्ला की वागणं बिघडतं असा संशय असेल तर दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, वागणं कसं. संशय खरा वाटला तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तेवढा एकच पदार्थ काढून पाहता येतो. आधीच चार घास खाणाऱ्या मुलाचं दूध, गहू, अंडं एकदम काढलं तर हाती लागतो तो कुपोषणाचा नवा प्रश्न.

शिशाचा संबंध असतो असं वाचलं. आपल्याकडे कुठून येणार शिसं?

पुष्कळ ठिकाणांहून. शिसं मेंदूला घातक आहे, आणि लक्ष कमी होणं हा त्याचा ठरलेला परिणाम. सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी नाही. भारतात २००० मध्ये पेट्रोल शिसेमुक्त झालं, घरगुती रंगांतल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. जुन्या भिंतींचे पोपडे मात्र तसेच आहेत. शिवाय जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, सुरमा, भेसळीची भडक पिवळी हळद. लोह कमी असलेल्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं, म्हणजे पुन्हा लोहापाशीच आलो.

घराजवळ बॅटरीचं काम चालत असेल किंवा मूल माती-पोपडे खात असेल तर रक्तातलं शिसं तपासायला सांगा. आणि भस्म असलेली औषधं देत असाल तर लपवू नका. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची २००८ मध्ये अमेरिकेत तपासणी झाली, सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायला नेणाऱ्या आजीचा हेतू प्रेमाचाच असतो, मी फक्त विचारतो की बाटलीवर काय लिहिलंय आणि ते कुठे तयार झालंय.

थायरॉइड? जंत? झिंक?

थायरॉइड: वजन घटतंय, छाती धडधडते, गळ्याला सूज आहे, असं काही असेल तरच. सैंधवाच्या नादात आयोडीनयुक्त मीठ मात्र सोडू नका, गरोदर बाईने तर मुळीच नाही.

जंत: रात्री गुदद्वाराशी खाज सुटून झोप मोडते, आतड्याला चिकटणारे आकडेजंत (हुकवर्म) रक्त पितात. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी घ्या. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध नाही, हे सांगून मी थकलो.

झिंक: तुर्कस्तान आणि इराणमधल्या प्रयोगांत थोडा उपयोग दिसला, अमेरिकेतल्यात नाही. कमतरता असेल तर द्यावं. मल्टिव्हिटॅमिनच्या सरबताने एडीएचडी बरा झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

एडीएचडीची गोळी सुरू केली आणि भूकच मेली. आता?

मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक कमी होते, हे अपेक्षित आहे. गोळीआधी भरपेट नाश्ता द्या: थालीपीठ-दही, अंडा-पोळी, शिरा नव्हे. शाळेचा डबा अर्धा परत येईल, त्यावरून भांडू नका. संध्याकाळी औषध उतरलं की भूक लागते, तेव्हा जेवण तयार ठेवा, आणि झोपण्याआधी पुन्हा लागली तर पुन्हा द्या. वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी मोजून घ्या. परस्पर गोळी बंद करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी गोळी नसतेच, तिथे पालकांना वागणूक हाताळायला शिकवण्यापासून सुरुवात होते.

दमा किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर तीही दाखवा. सालब्युटामॉलने मूल थरथरतं, भिरभिरतं, आणि फिनोबार्बिटोनने कित्येक मुलं अतिचंचल होतात.

कुणाकडे जायचं, आणि येताना काय आणायचं?

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते पुढे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मोठं शहर लांब असेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, एडीएचडी त्यांच्या यादीत आहे. आई-बाबांना स्वतःला बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

येताना शाळेच्या दोन-तीन वर्षांच्या डायऱ्या आणा, एकच नको. जन्माच्या वेळचा कागद, झोपेचा व्हिडिओ, खाण्याची वही. घरात मुलाला दिली जाणारी प्रत्येक बाटली आणि पुडी पिशवीत घालून आणा, आजींनी दिलेलीसुद्धा. आणि बाबांना बरोबर आणा. बाकावर उभं राहण्याची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकायची असते.